पाळीव प्राण्यांचा कॉर्डलेस ट्रिमर, वर्षभराच्या वापरानंतर: मोटर दणकट, कंगव्याचा खटका रद्दी

केस किती लांब राहतील ते ठरवणारा, पात्यावर लावायचा ९ एमएमचा कंगवाही परवा तुटला. ६ चा दिवाळीआधीच गेला होता. ज्या दोन कंगव्यांच्या भरवशावर हा ट्रिमर घेतला ते दोन्ही संपले आणि मशीन मात्र अजून नव्यासारखं चालतंय. किटमध्ये काय काय येतं, बॅटरी किती वेळ पुरते, हे सगळ्यांनी वाचलेलंच असेल, त्यामुळे ते परत लिहीत नाही.

आमच्याकडे चिंगी ही कॉकर स्पॅनियल आणि मनी ही लांब केसांची मांजर. आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. पार्लरवाला चिंगीचे केस कापायचे हजार-बाराशे घ्यायचा, मनीचे वेगळे. लॅब्रॅडॉरचे केस एका लांबीला येऊन थांबतात, कॉकरचे वाढतच राहतात, त्यामुळे दीड-दोन महिन्यांनी पार्लर ठरलेलं. किट बावीसशेला मिळालं. दोन वेळा घरी केस कापले की पैसे वसूल, आणि ते वसूल झालेही. तरी मी खूश नाही, कारण तो खटका.

कंगवा पुढे पात्याच्या दातांवर बसतो आणि मागे नखाएवढ्या एका प्लॅस्टिकच्या खटक्यावर टिकतो. सगळा भार त्याच्यावर. पाठीवरून मशीन सरळ जातं. मांडीच्या मागे किंवा कानाखाली दाट केस आले की कंगवा अडतो, मागून उचलला जातो आणि टक्कन सुटतो. सुटला की पातं उघडं. जिथे ९ एमएम केस राहायला हवेत तिथे थेट कातडीपर्यंत पट्टा. चिंगीच्या उजव्या मांडीवर असा पट्टा पडला आणि तो भरून येईपर्यंत पावसाळा संपला. दिसायला वाईट हे सोडून द्या, कुत्र्याला त्याचं काही नसतं. पण पट्टा पडला तिथे ती सारखी चाटायची, आणि पावसाळ्यात सतत ओली राहणारी जागा लाल व्हायला वेळ लागत नाही. कंपनीनं लिथियमची बॅटरी दिली, सिरॅमिकचं पातं दिलं, आणि सगळं काम ज्याच्यावर अवलंबून तो खटका इतका पातळ ठेवला. धातूची एक पट्टी बसवली असती तर किंमत कितीशी वाढली असती?

सर्व्हिसचा अनुभव त्याहून वाईट. इंदूरमधलं ‘सर्व्हिस सेंटर’ हे फक्त माल गोळा करायचं ठिकाण निघालं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, कंघी अ‍ॅक्सेसरी है, वॉरंटी में नहीं आती. आप नया किट ले लीजिए.” बावीसशेचं मशीन चांगलं चालत असताना प्लॅस्टिकच्या एका तुकड्यासाठी नवं किट? सुटा कंगवा विकत मागितला, तर तो विकायलाच नाही. जेल रोडला दोन-चार दुकानांत विचारलं, माणसांच्या ट्रिमरचे कंगवे लावून पाहिले, एकही बसला नाही. कंपनीच्या ईमेलला प्रत्येक वेळी तेच छापील उत्तर. शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बिल आणि तुटलेल्या खटक्याचा फोटो जोडला. मग कंपनीचा स्वतःहून फोन आला आणि ६ चा कंगवा फुकट पोचला. खटका तसाच पातळ, पण पोचला. त्यामुळे बिल जपून ठेवा. ऑनलाइन घेतलं असेल तरी बिल उतरवून ठेवा, कारण विक्रेता बंद झाला की ते सापडत नाही.

आता मत बदलल्याचं सांगते. पहिल्या महिन्यात मी या मशीनला दोन तारे दिले असते, कारण पातं दहा मिनिटांत चटका बसेल इतकं तापायचं. पुस्तिकेत तेलाबद्दल एक ओळ आहे, कारण दिलेलं नाही. चिंगीला रेबीजच्या वार्षिक लसीसाठी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेतो (१९५५ पासूनचं कॉलेज आहे, इंदूरहून फार लांब नाही). तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. पात्याचे दोन भाग एकमेकांवर घासतात, त्यातून उष्णता येते. न धुतलेल्या केसांतली धूळ त्यात अडकली की घर्षण वाढतं आणि धारही लवकर जाते. म्हणून आधी आंघोळ, केस पूर्ण कोरडे, मग विंचरणं, आणि त्यानंतर ट्रिमर. सुरू करताना दोन थेंब तेल, मधेही एकदा, आणि पातं दर थोड्या वेळानं मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहायचं. आपल्याला गरम लागलं तर तिला नक्कीच लागेल. कुत्र्याच्या बाह्यत्वचेत पेशींचे ३ ते ५ थर असतात, आपल्या १० ते १५. असं केल्यापासून पूर्ण कॉकर होईपर्यंत पातं फक्त कोमट होतं. मोटरचा आवाजही कमी झाला. त्यामुळे तापण्याची माझी तक्रार मी मागे घेते.

कानांसाठी मात्र या मशीनचं मनापासून कौतुक. कॉकरचे कान लांब, लोंबते आणि आतून केसाळ. हवा जात नाही, ओल राहते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये वास, खाज, डोकं झटकणं सुरू. पार्लरमध्ये वरून सुंदर कापायचे, कानाच्या आतल्या पाळीचे केस तसेच ठेवायचे. आता मी कंगवा न लावता, उघड्या पात्यानं, पाळीची आतली बाजू आणि कानाखालची गळ्याची जागा अगदी बारीक करते. मुलगा तिचं तोंड धरतो. आंघोळीनंतर कान कापसानं बाहेरून टिपून घेतो. इअरबड आत घालत नाही, त्यानं मळ आणखी खोल जातो. या पावसाळ्यात कानाचं औषध आणावं लागलं नाही, आणि तो खर्च पार्लरपेक्षा जास्त असायचा. केस बारीक असले की गोचीडही लगेच दिसतात. कानाच्या कडेला, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली रोज बोट फिरवायचं. या गोचिडीतून एर्लिकिया होतो, ताप येतो, रक्तातले प्लेटलेट कमी होतात, हे आम्ही मागच्या कुत्र्याच्या वेळी भोगलंय.

ज्यांच्या घरी कुत्रा आणि मांजर दोघंही आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडीच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजरीसाठी विष आहे, तिच्या यकृताला ते पचवता येत नाही. थरथर, झटके, आणि जीवही जाऊ शकतो. घ्यायच्या आधी पुडक्यावर घटक वाचा. आम्ही परमेथ्रिनवालं औषध घरात आणतच नाही. मनी रात्री चिंगीला टेकून झोपते आणि तिचं अंग चाटते, तिथे धोका का पत्करायचा?

मनीच्या बाबतीत ट्रिमर थोडक्यात चांगला. काखेत आणि पोटावर गाठी होतात. कात्री लावू नका. मांजरीची कातडी पातळ आणि सैल असते, गाठीबरोबर वर उचलली जाते आणि कापली जाते. गाठीला पाणीही लावू नका, ती आणखी आवळते. थोडं कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी सोडवायची, नाही सुटली तर कातडी ताणून धरून ट्रिमर आडवा फिरवायचा. मनी दोन-तीन मिनिटं सहन करते. ती शेपूट आपटायला लागली की मी थांबते, उरलेलं उद्या.

किटमधलं नखं कापायचं यंत्र मी वापरत नाही, त्याला धार नाही, नख चिरडतं. चांगलं वेगळं घ्या. चिंगीची नखं काळी, आतली शीर दिसत नाही, म्हणून अगदी थोडं थोडं कापायचं आणि कापलेल्या टोकाच्या मधे काळा ठिपका दिसला की थांबायचं. रक्त आलंच तर फिटकरीची पूड दाबून धरते. पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख विसरू नका. ते जमिनीवर घासत नाही, वळून मांसात घुसतं.

पाचपैकी तीन तारे. कॉकर, शिह त्झू किंवा पूडल असेल तर घ्या, पण कंगवा सुटा विकत मिळतो का हे आधी लेखी विचारा. पोमेरेनियन, हस्की, जर्मन शेफर्डवाल्यांनी अंगावर चालवण्यासाठी घेऊ नका. त्यांच्या केसांचे दोन थर असतात, उन्हापासूनही तेच वाचवतात, आणि भादरले तर कधीकधी नीट परत येत नाहीत. त्यांना पंजाखालचे आणि शेपटीखालचे केस काढण्यापुरता छोटा ट्रिमर पुरतो, तो निम्म्याहून कमी किमतीत येतो. ९ च्या कंगव्यासाठी कंपनीला परत लिहिलंय. आला तर इथेच कळवीन, नाही आला तर १९१५ वर दुसरी तक्रार.