बिबट्याच्या भीतीवर विकलेलं बंदुकीचं लायसन्स

आमच्या शिरूर तालुक्यात घोडनदीच्या पट्ट्यात ऊस भरपूर, म्हणून बिबटेही भरपूर. रात्रीची लाईट असली की मोटार चालू करायला अंधारात जावंच लागतं. आमचे थोरले चुलते, तात्या, यांना बंदूक हवी होती ती एवढ्याचसाठी.

गावात हे कळायला वेळ लागत नाही. एक एजंट घरी येऊन बसला. "काका, कलेक्टर ऑफिसला कशाला हेलपाटे घालता? जम्मू-काश्मीरचं ऑल इंडिया लायसन्स काढून देतो. पोलीस चौकशी नाही, काही नाही." पन्नास हजार रोख आधी, तेवढेच लायसन्सची पुस्तिका हातात पडल्यावर. पावती अर्थातच नाही.

पुस्तिका आली. फोटो, गोल शिक्का, यूआयएन नंबर (म्हणजे परवान्याचा ओळख क्रमांक), सगळं जागच्या जागी. पत्ता मात्र तिकडच्या एका जिल्ह्याचा, जिथे तात्यांनी उभ्या जन्मात पाऊल ठेवलेलं नाही. परवान्याचा अर्ज आपण राहतो तिथेच करायचा असतो. ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 प्रमाणे त्यांनी जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवायचा असतो. म्हणजे 'चौकशी नाही' म्हणणारा तिथेच उघडा पडतो. आणि जम्मू-काश्मीरचंच नाव का? तिथे 2012 ते 2016 या काळात नियम डावलून दिल्याचा आरोप असलेल्या अडीच लाखांहून जास्त परवान्यांचं प्रकरण सीबीआयकडे गेलं. तेव्हापासून 'तिकडे मिळतं' हे सगळीकडे पसरलं, आणि एजंट तेच विकतात.

मी पुस्तिका घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत गेलो. परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदीत तो नंबर तात्यांच्या नावावर नव्हता. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "यावर हत्यार घेतलंय का?" घेतलं नव्हतं, पण थोडक्यात वाचलो. "बारा बोअरची दुनळी मीच आणून देतो, दुकानात जायची गरज नाही," असा एजंटचा तगादा चालूच होता. अधिकृत दुकानदार परवाना तपासतो, म्हणून तर दुकान टाळायचं! ती दुनळी घरात आली असती तर शस्त्र अधिनियमाचं कलम 25 लागलं असतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला किमान दोन, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. शिवाय बनावट कागद वापरल्याचा गुन्हा वेगळाच.

एजंटने आणखी एक थाप मारली होती: "लायसन्स असलं की बिबट्या काय, चोर आला तरी घाला गोळी." बिबट्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. जीव वाचवताना तो मारला गेला तर कलम 11 मध्ये सूट आहे, पण ती प्रत्यक्ष अंगावर आल्यावरची. बांधावर दिसला म्हणून मारण्याची नाही. माणसाच्या बाबतीतही तसंच. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम 34 पासून पुढे दिलाय, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर परवाना कामी येत नाही.

एजंटविरुद्ध न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची फिर्याद दिली आहे. पैसे परत आलेले नाहीत, एजंटचा फोन बंद आहे. आसपासच्या आणखी काही घरांत अशाच पुस्तिका असल्याचं कानावर येतंय. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती गृह शाखेत लेखी अर्जासह पडताळून घ्यावी, आणि तोवर तिच्यावर काडतूससुद्धा घेऊ नये.