शिअर बोल्ट की स्लिप क्लच?

रोटाव्हेटरसाठी पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणारा दांडा, घ्यायला गेलं की दुकानदार पहिलं विचारतो, "बोल्टचा देऊ का क्लचचा?" मी दोन्ही वापरलेत. चार वर्षं बोल्ट, मग दीड हंगाम क्लच, आणि आता परत बोल्ट. म्हणजे माझा कल कुठं ते कळलंच. तरी तुमचं रान आणि तुमचा ड्रायव्हर बघून ठरवा.

दगड किंवा उसाचा बुडखा पात्यात अडकला की बोल्ट तुटतो, किंवा क्लच असेल तर स्प्रिंगनं दाबलेल्या त्याच्या प्लेटा घसरतात, आणि गिअरबॉक्स वाचतो. मुरमाड रानात क्लचच सरस, हे मान्य. माळावरच्या तुकड्यात एका सकाळी माझे तीन बोल्ट गेले. तुटका तुकडा भोकात असा रुतून बसतो की उन्हात गुडघे टेकून सुंबा-हातोडीनं ठोकत बसायचं, मग भोकाला भोक जुळवायचं. त्याच तुकड्यात क्लच जरा घरघरला, जळका वास आला, की काम पुढं चालू.

मग परत बोल्टाकडं का आलो? पावसाळ्यामुळं. जूनपासून रोटाव्हेटर शेडच्या कडेला, अर्धा ताडपत्रीखाली, अर्धा उघडा. दिवाळीच्या सुमारास जोडला, दोन दिवस झकास चालला. तिसऱ्या दिवशी बांधाकडेचा दगड लागला आणि क्लच घसरलाच नाही. आतल्या प्लेटा गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. शाफ्टचा क्रॉस (सांधा) गेला, गिअरचे दात उडाले. खर्च सोसला, पण ते दोन दिवस आपण बिनसंरक्षणाचा शाफ्ट फिरवत होतो आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं, हे अजून सलतं.

याला उपाय आहे. ट्रॅक्टर बंद करून, चावी खिशात टाकून, क्लचच्या स्प्रिंगची लांबी मोजून लिहून ठेवायची. सगळे नट सारखे सैल करायचे. प्लेटांवर आडवी खडूची रेघ मारायची. मग रोटर जमिनीत टेकवून, लांब राहून, कमी रेसवर दोन सेकंद पीटीओ लावायचा. रेघ मोडली तर प्लेटा सुटल्या. नट परत मोजलेल्या लांबीवर. तासाभराचं काम, पण दरवर्षी आठवणीनं करायला हवं, आणि मी माझा स्वभाव ओळखून आहे. शिवाय क्रॉसला ग्रीस मारताना ते प्लेटांवर गेलं तर क्लच उगीचच घसरायला लागतो.

बोल्टातही एक खोच आहे. माझ्या शाफ्टला 8.8 ग्रेडचा लागतो, मजबुतीचा हा आकडा बोल्टच्या डोक्यावरच कोरलेला असतो. एकदा ड्रायव्हरनं त्याहून मजबूत, काळा 12.9 चा ॲलन बोल्ट ठोकला. "आता तुटत नाय बघा, मालक!" नशीब, मी लगेच बघितला. आता सीटखाली डब्यात दहा बोल्ट आणि सुंबा कायम असतो.

भाड्यानं रोज रोटर मारत असाल तर क्लच घ्या. प्लेटांना गंजायला सवड मिळत नाही आणि थांबणं परवडतही नाही. वर्षातले तीस-चाळीस दिवस घरचंच रान असेल तर मी तरी बोल्ट म्हणेन. शेजारचे अण्णा क्लचवालेच आहेत, ऐकत नाहीत. परवा त्यांच्या प्लेटांवर खडूची रेघ मीच मारून आलो.