कुडाळच्या बाजारातलं भिरंडेल

खानावळीत दिवसभर हात पाण्यात आणि भांड्याच्या साबणात. दोन वर्षं बोटांच्या पेरांवर इसब होतं: लाल, कोरडं, मीठ लागलं की जीव जायचा. कुडाळच्या बाजारात एका मावशींकडून भिरंडेलाचे दोन गोळे घेतले, साठ रुपयांत. कोकमच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळायच्या आणि वर आलेला मेद गार करून मुठीत वळायचा, अशी ही जुनी रीत. गोळा पांढुरका, मेणासारखा कडक, त्यावर वळणाऱ्याच्या बोटांचे ठसे तसेच.

बोटावर घासून लागत नाही. चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून मी चमच्यात जरासं घेऊन दिव्यावर धरते. रात्री भांडी झाली की हात पुसून, ओलसर असतानाच चोळायचं आणि सुती मोजे घालून झोपायचं. यात स्टिअरिक आणि ओलेइक ही मेदातली आम्लं भरपूर असतात, त्यांचा थर कातडीतलं पाणी उडू देत नाही. तिसऱ्या आठवड्यात भेगा मिटल्या, खाज पुष्कळ उतरली. लालीसाठी डॉक्टरीणबाईंचं मलम मात्र चालूच होतं, ते बंद करू नका. चिघळलेल्या जागी हे लावूही नका.

दुसरा गोळा खवट निघाला, तो टाकला. घेताना वास घ्याच. ताज्याला जवळजवळ वास नसतो. मी पुन्हा तिथूनच घेणार, पण एका वेळी एकच.