टीडी आधी की सीडी? एसएपीच्या प्रायसिंगसोबतचे काही महिने

आमचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. माल म्हणजे टेरी टॉवेल आणि जेकार्ड चादरी. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर विक्रीची सगळी बिलं एसएपी या धंद्याचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर आणली. मी बिलिंग बघतो, कॉम्प्युटरचा माणूस नाही, तेव्हा हे सगळं वापरणाऱ्याच्या खुर्चीतून लिहितोय.

आधी भाव कुठे होते? थोडे एक्सेलमध्ये, बरेचसे शेठजींच्या डोक्यात. हैदराबादच्या पार्टीला एक, हुबळीच्या पार्टीला दुसरा, जुन्या आडत्याला तिसराच. प्रायसिंग प्रोसिजर, म्हणजे एसएपीतला भाव काढायचा तक्ता, बसवायची म्हणजे हे सगळं डोक्यातून काढून ओळीने मांडायचं: आधी मूळ भाव, मग ट्रेड डिस्काउंट (टीडी, व्यापाऱ्याची सवलत), मग कॅश डिस्काउंट (सीडी, रोखीची सवलत), माल पोचवायचं भाडं, शेवटी जीएसटी. प्रत्येक ओळीला स्टेप नंबर. व्ही/०८ या स्क्रीनवर हा तक्ता दिसतो आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला घाम फुटतो, इतके त्यात कॉलम.

त्यातला ‘फ्रॉम स्टेप’ हा कॉलम मात्र पैसे वाचवणारा. समजा डझनाचा भाव १,८०० रुपये, टीडी १० टक्के, सीडी २ टक्के. टीडी वजा जाता राहिले १,६२०, त्यावर सीडी ३२ रुपये ४० पैसे. तीच सीडी मूळ भावावर धरली तर ३६. फरक डझनामागे ३ रुपये ६० पैसे. किरकोळ वाटतो, पण ५०० डझनांच्या ऑर्डरीत १,८०० रुपये होतात, म्हणजे अख्खा एक डझन माल फुकट. सीडी कुठल्या आकड्यावर काढायची हे त्या एका कॉलममध्ये ठरतं. एसएपी बसवून देणाऱ्या कन्सल्टंटने विचारलं तेव्हा आमच्याच दोन सेल्सवाल्यांची उत्तरं वेगळी निघाली! वाद झाला, शेठजींनी निकाल दिला, मगच स्टेप नंबर पडला.

भाव शोधायची पद्धत मला आवडली. ॲक्सेस सीक्वेन्समध्ये क्रम लावून देता येतो: आधी या पार्टीचा या मालाला खास भाव आहे का बघ, नसेल तर भावपत्रकातला, तोही नसेल तर मालाचा सर्वसाधारण भाव. ‘एक्सक्लुझिव्ह’ची टिक असेल तर पहिला भाव सापडताच शोध थांबतो. भाव भरायचे व्हीके११ या स्क्रीनवर, तारखेपासून तारखेपर्यंत. सुताचे दर हलले की नवा भाव पुढच्या तारखेने आधीच भरून ठेवतो. आणि एखादा भाव आला नाही तर ऑर्डरीतल्या ‘ॲनालिसिस’ बटणावर कुठे शोधलं, काय सापडलं नाही, हे ओळीओळीने दिसतं. माझा निम्मा दिवस त्या बटणावर जातो म्हटलं तरी चालेल.

खरी परीक्षा झाली २२ सप्टेंबर २०२५ ला. त्या दिवसापासून टॉवेल-चादरींच्या वर्गात नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यापुढच्या किमतीच्या मालाला १८ टक्के जीएसटी. आधी रेषा १,००० रुपयांवर होती आणि वरच्या मालाला १२ टक्के. टॉवेलला फरक नाही, १५० रुपयांचा नग तेव्हाही पाचातच होता. गोंधळ डबलबेडच्या भारी सेटांचा. २,६०० रुपये भावाचा सेट १० टक्के डिस्काउंटनंतर २,३४० ला जातो, म्हणजे ५ टक्क्यांतच बसतो. स्लॅब विक्रीच्या किमतीवर ठरतो, भावपत्रकावर नाही, आणि तोही नगावर, डझनावर नाही. त्यासाठी आमच्याकडे वेगळी रूटीन, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून घेतली. भाड्याची ओळही करपात्र रकमेच्या आत, म्हणजे जीएसटीच्या आधीच हवी, कारण बिलात लावलेलं भाडं मालाच्या किमतीतच धरलं जातं.

जुन्या ऑर्डरी, नवी बिलं हा दुसरा पेच. बिल करताना ऑर्डरीतला भाव जसाच्या तसा घ्यायचा आणि कर तेवढा नव्याने काढायचा, यासाठी कॉपी कंट्रोलमध्ये, म्हणजे ऑर्डरीतलं बिलात कसं उतरायचं ते ठरतं तिथे, प्रायसिंग टाइप ‘जी’ असतो. ‘सी’ ठेवला तर भावही नव्याने निघतो, फक्त हाताने घातलेले आकडे टिकतात. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मोडायचा नसेल तर हा फरक माहीत हवाच.

तक्रार आहे ती बसवून देणाऱ्या मंडळींची. तयार नमुना प्रोसिजरमधल्या नको त्या ओळी तशाच ठेवून गेले, त्यामुळे स्क्रीनवर शून्य-शून्यची रांग. दलालीची ओळ ‘स्टॅटिस्टिकल’, म्हणजे फक्त नोंदीपुरती, करायला आम्हालाच सांगावं लागलं. तशी नसती तर ती रक्कम पार्टीच्या बिलाच्या बेरजेत गेली असती. हाताने भाव बदलायची मुभाही सरसकट उघडी होती. आता मूळ भाव बंद, फक्त खास सवलतीची एक ओळ उघडी, तीही दोघांनाच. सेल्सवाले अजून कुरकुरतात, कुरकुरू देत.

चार-सहा लूम आणि दोन-तीन भाव असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, टॅलीची प्राइस लिस्ट पुरते. मुंबईच्या पार्टीला डझनावर, निर्यातीला डॉलरमध्ये आणि हॉटेलवाल्यांना किलोवर माल देत असाल तर मात्र घ्या, पण कन्सल्टंटला बोलवायच्या आधी सेल्स, अकाउंट्स आणि शेठजी यांना एका टेबलावर बसवून कागदावर तक्ता पूर्ण करा. आमच्याकडे निर्यातीची प्रोसिजर अजून व्हायची आहे.