लग्नाचा डेटा आणि टेराकॉपी: स्टुडिओवाल्यांसाठी परीक्षण

टेराकॉपी हे कोड सेक्टर या कंपनीचं विंडोजसाठीचं फाइल कॉपी करण्याचं सॉफ्टवेअर. नावामुळे आणि जुन्या ख्यातीमुळे लोक ते वेगासाठी टाकतात आणि दोन दिवसांत काढूनही टाकतात, कारण वेगात म्हणावा तसा फरक दिसत नाही. दिसणारही नाही. वेग ठरवतात कार्ड रीडर, पोर्ट आणि हार्ड डिस्क. यूएसबी २ च्या पोर्टमधून सेकंदाला ३०-४० एमबीच्या वर क्वचितच जातं. म्हणजे १२८ जीबीचं भरलेलं कार्ड उतरवायला तासभर लागणारच. तेच कार्ड चांगल्या यूएसबी ३ रीडरने साध्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर घेतलं, तर वीस-पंचवीस मिनिटांत होतं. त्यामुळे वेग हवा असेल तर पैसे रीडरवर घाला. टेराकॉपी घ्यायची ती पडताळणीसाठी.

विंडोजची नेहमीची कॉपी फाइल लिहिते आणि ‘झालं’ म्हणते. लिहिलेलं परत वाचून मुळाशी ताडून पाहत नाही. केबल ढिली असेल, रीडर स्वस्तातला असेल किंवा डिस्कचा एखादा भाग खराब असेल, तर फाइल दिसते, आकारही बरोबर दिसतो. फोटो उघडल्यावर मात्र अर्धा भाग राखाडी पट्ट्यांचा. टेराकॉपीत कॉपीनंतर तपासण्याचा पर्याय आहे. त्यात मूळ फाइलचा चेकसम (फाइलच्या आतल्या डेटावरून काढलेला, ठशासारखा आकडा) आणि नव्या फाइलचा चेकसम जुळवला जातो. जुळला नाही तर ती फाइल यादीत चूक म्हणून दिसते. हा पर्याय चालू आहे का, ते पहिल्याच दिवशी पाहून घ्या. तपासणीसाठी नवी प्रत पूर्ण वाचावी लागते, त्यामुळे वेळ जवळजवळ दुप्पट धरा. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाला की एका दिवसात बेळगावचं शहापूर आणि खानापूर अशी दोन कार्यं असतात. तेव्हा हा जास्तीचा वेळ नकोसा वाटतो, पण कार्ड फॉरमॅट करण्याआधीची हीच शेवटची संधी असते.

यात एक मेख आहे. नुकतीच लिहिलेली फाइल लगेच वाचली, तर विंडोज ती कधी कधी डिस्कवरून न वाचता मेमरीतल्या कॅशमधून, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातून देते. मग तपासणी पास होते, पण डिस्क तपासलीच गेलेली नसते. मोठ्या डेटात ही शक्यता कमी, कारण शेकडो जीबी कॅशमध्ये मावत नाहीत. तरीही महत्त्वाच्या कामासाठी चेकसमची फाइल साठवा (एमडी५ किंवा एसएचए-२५६ हे चेकसमचे प्रकार, इथे कुठलाही चालतो), डिस्क ‘इजेक्ट’ करून काढा, पुन्हा जोडा आणि त्या फाइलवरून टेराकॉपीतच तपासणी चालवा. वर्षभराने जुन्या डिस्कवरचा डेटा शाबूत आहे का, तेही याच फाइलने कळतं. हे काम विंडोजच्या कॉपीच्या खिडकीतून होत नाही, आणि एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा हे सॉफ्टवेअर ठेवण्यासारखं आहे.

स्वस्तातले ‘२ टीबी’चे पेनड्राइव्ह पकडायलाही तपासणी उपयोगी पडते. त्यांची खरी जागा ३२ किंवा ६४ जीबी असते, आतली कंट्रोलर चिप खोटा आकडा सांगते. कॉपी बिनबोभाट पूर्ण होते आणि पुढच्या फाइली कचरा निघतात. ग्राहकाने स्वतःचा पेनड्राइव्ह आणून दिला असेल, तर तपासणी न करता त्याच्या हातात देऊ नका.

आता टेराकॉपी जिथे वाचवत नाही ते. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असले की फाइलींची नावं हमखास सारखी येतात. आकडाही ९९९९ नंतर पुन्हा १ वर येतो. दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली आणि समोर आलेल्या प्रश्नाला ‘सगळं ओव्हरराइट’ म्हटलं, तर अर्धं लग्न गेलं. तपासणी मात्र सगळं ठीक म्हणेल, कारण जे लिहिलं ते बरोबरच लिहिलंय! ‘जुनी असेल तरच ओव्हरराइट’ हा पर्यायही कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर दगा देतो. शंका असेल तिथे ‘रीनेम’ निवडा. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर करा: आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग कॅमेरा. ‘अमुक यांच्या शुभविवाहाचे फोटो’ असली लांबलचक नावं टाळा. विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याला (ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंत) नेहमी साधारण २६० चिन्हांची मर्यादा असते, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. फोल्डरात फोल्डर केले की ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते. कन्नड नावांची गोष्टही तीच. बेळगावच्या डीटीपीवाल्यांकडे एका फोल्डरात मराठी पत्रिका आणि कन्नड उतारे शेजारी असतात. नावं युनिकोडमध्ये असतील तर दोन्ही लिपी जशाच्या तशा उतरतात. नावांचे चौकोन किंवा भलतीच अक्षरं होतात ती बहुधा जुन्या झिप सॉफ्टवेअरमध्ये.

चार जीबीचा अडथळाही टेराकॉपी दूर करू शकत नाही. टीव्हीवर चालावा म्हणून पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये असतो (फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस या ड्राइव्ह फॉरमॅट करण्याच्या पद्धती), आणि त्यात ४ जीबीची एक फाइल बसत नाही, भले ६० जीबी रिकामे असोत. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, किंवा टीव्ही जुना असेल तर फिल्मचे भाग पाडा. आणि फोन केबलने जोडला तर त्याला ड्राइव्हचं अक्षर (E: सारखं) मिळत नाही. त्यातले फोटो आधी विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने संगणकावर घ्या, पुढची प्रत टेराकॉपीने करा.

मध्येच लाइट गेली तर? एखादी फाइल वाचता आली नाही म्हणून टेराकॉपी थांबत नाही. बाकीच्या उरकते आणि राहिलेल्या शेवटी दाखवते, ही तिची चांगली सवय. पण लाइट गेल्यावरची गोष्ट वेगळी. अनेकदा फाइलची जागा आधीच पूर्ण राखलेली असते, त्यामुळे अर्धवट फाइलही पूर्ण आकाराची दिसू शकते. संगणक सुरू झाल्यावर शेवटी चालू असलेली फाइल नव्या जागेवरून काढून टाका, कॉपी पुन्हा लावा, असलेल्या फाइली ‘स्किप’ करा आणि शेवटी पूर्ण फोल्डरची तपासणी करा, फक्त नव्या फाइलींची नव्हे. एक्सफॅटमध्ये एनटीएफएससारखी जर्नलची (बदलांची आधी नोंद ठेवण्याची) सोय नसते, म्हणून फक्त विंडोजवर वापरायची बॅकअप डिस्क एनटीएफएसमध्ये ठेवलेली बरी. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. हार्ड डिस्कला वेगळा अडॅप्टर असेल तर तोही यूपीएसवरच लावा. नाहीतर संगणक चालू आणि डिस्क बंद.

कार्डावरून ‘मूव्ह’ कधीच करू नये, टेराकॉपीतही नाही. एकाच ड्राइव्हवर मूव्ह म्हणजे फक्त नोंद बदलणं, ते क्षणात होतं. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर मूव्ह म्हणजे कॉपी आणि लगेच मूळ पुसणं. कॉपी करा, तपासा, दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत करा, तीही तपासा आणि मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

पर्याय म्हणून विंडोजमधलीच रोबोकॉपी ही टाइप करून चालवायची कॉपीची कमांड अनेकजण सुचवतात. फुकट आहे, दणकट आहे, पण चेकसम जुळवत नाही. शिवाय काही बदललं नाही तर अडलेल्या फाइलसाठी ती ३० सेकंदांच्या अंतराने १० लाख वेळा प्रयत्न करते, म्हणजे जवळजवळ वर्षभर! प्रयत्नांचा आकडा दोन-तीनवर आणल्याशिवाय ती चालवू नका. तिच्या ‘मिरर’ स्विचपासून (दुसरी जागा हुबेहूब पहिलीसारखी करणारा पर्याय) तर लांबच राहा: मूळ आणि बॅकअपची जागा उलटी लिहिली, की जे बॅकअपमध्ये नाही ते मुळातून पुसलं जातं. आणि प्रश्न विचारायला ती थांबत नाही. रोज बदलणारे फोल्डर दोन डिस्कवर सारखे ठेवायचे असतील तर फ्रीफाइलसिंक हे सॉफ्टवेअर बरं, कारण काय जाणार, काय पुसलं जाणार ते आधी समोर मांडतं.

लायसन्सबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. टेराकॉपीची मोफत आवृत्ती बिगरव्यावसायिक वापरासाठी आहे. घरच्या फोटोंना ती पुरते. बेळगावच्या गणपत गल्लीतला स्टुडिओ किंवा निपाणीतलं डीटीपी सेंटर यांनी प्रो आवृत्ती विकत घ्यायला हवी. प्रोमध्ये कॉपीचा अहवाल फाइल म्हणून काढता येतो. ग्राहकाला पेनड्राइव्ह देताना तो अहवाल आपल्याकडे ठेवला, तर ‘तुम्ही दिलंच नाही’ या वादात दाखवायला काहीतरी असतं.