मॅट्रिक्सच्या ओळींचे गट पाडायचे: मास्क, सॉर्ट की ग्रुपबाय?

समजा, २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्रातल्या गावांची यादी नमपायच्या (पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी) मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात आहे. एक ओळ म्हणजे एक गाव. पहिल्या कॉलममध्ये जिल्ह्याचा कोड, मग तालुक्याचा कोड, पुढे कुटुंबं, लोकसंख्या वगैरे. ओळी सुमारे ४४ हजार. आता जिल्हावार तुकडे हवेत.

सगळ्यात सरळ मार्ग मास्कचा, म्हणजे प्रत्येक ओळ अटीत बसते का ते तपासून बसणाऱ्याच उचलायच्या. कोड ५२१ असलेल्या ओळी मागितल्या की पुणे मिळतं, आणि हेच लूपमध्ये प्रत्येक कोडसाठी करायचं. लूप मात्र ४९७ ते ५३१ अशा सगळ्या जिल्हा कोडांवर सरसकट चालवू नका. जिल्हे तेव्हा ३५ होते, पण मुंबईच्या दोन जिल्ह्यांत गावंच नाहीत, त्यामुळे दोन रिकामे गट हातात येतात. युनिक (कॉलममधल्या वेगवेगळ्या किमती देणारं फंक्शन) वापरलं की यादीत असलेलेच ३३ कोड मिळतात. दर कोडमागे पूर्ण कॉलम तपासला जातो, म्हणजे साडेचौदा लाखांच्या आसपास तुलना. संगणकाला हे किरकोळ काम आहे. वाचायला सोपं, चुकायला जागा कमी. इथे मी दुसरं काही शोधणारच नाही.

गटांची संख्या वाढली की चित्र पालटतं. सगळ्या देशाची यादी घेतली तर गावं सुमारे ६.४ लाख आणि तालुका पातळीचे विभाग ५,९२४. मास्कने गेलात तर जवळपास ३८० कोटी तुलना होतील. इथे एकदाच सॉर्ट करून जिथे कोड बदलतो तिथे कापणं शहाणपणाचं: आर्गसॉर्टने कोडनुसार ओळींचा क्रम काढा, ओळी त्या क्रमाने लावा, युनिककडून प्रत्येक कोडची पहिली जागा मागा आणि त्या जागा स्प्लिटला द्या, ते तिथे तिथे कापतं.

यात खाचखळगे आहेत. जागांच्या यादीतला पहिला आकडा शून्य असतो. तो वगळला नाही तर सुरुवातीला एक रिकामा तुकडा येतो. आर्गसॉर्टची नेहमीची पद्धत समान कोडच्या ओळींचा मूळ क्रम राखेलच असं नाही, तेव्हा प्रकार 'स्टेबल' सांगावा. आणि स्प्लिटचे तुकडे स्वतंत्र प्रती नसतात, ते त्याच सॉर्ट केलेल्या मॅट्रिक्सकडे पाहतात. एका तुकड्यात आकडा बदलला की तिथेही बदलतो, आणि एक छोटा तालुका जपून ठेवलात तरी सगळी मॅट्रिक्स मेमरीत अडकून राहते. मास्कने काढलेला तुकडा मात्र खरीखुरी प्रत असते.

पांडाजचं (पायथनचीच तक्त्यांसाठीची लायब्ररी) ग्रुपबाय, म्हणजे गट पाडणारं फंक्शन, कधी? गावांची नावंही सोबत हवी असतील, तर लगेच. नमपायच्या साध्या मॅट्रिक्समध्ये नावं कोंबली की आकडेसुद्धा मजकूर होतात, आणि मग सॉर्टमध्ये '१००' हे '२०' च्या आधी येतं. जिल्हा आणि तालुका अशा दोन कॉलमवर गट पाडायचे असले तरी ग्रुपबायच सोयीचं. पण हजारो गटांवर लूप फिरवून प्रत्येकाची डेटाफ्रेम (पांडाजचा तक्ता) बाहेर काढायला लागलात तर ते सुस्तावतं.

कोड रिकामा असलेल्या ओळींवर आधी नजर टाका. मास्कमध्ये त्या गुपचूप गळतात, कारण रिकाम्या जागेची खूण असलेला 'नॅन' स्वतःच्याही बरोबरीचा नसतो. ग्रुपबायही मुळात त्या टाकतं, हव्या असतील तर त्याचा ड्रॉपएनए हा पर्याय बंद करावा लागतो. सॉर्टमध्ये त्या शेवटी गोळा होतात.

आणि जिल्हावार लोकसंख्येची फक्त बेरीज हवी असेल तर तुकडे पाडताच कशाला? बिनकाउंटला (प्रत्येक कोडची मोजणी किंवा बेरीज करणारं नमपायचं फंक्शन) वजन म्हणून लोकसंख्येचा कॉलम दिला की काम झालं. मात्र कोड थेट देऊ नका. ४९७ च्या आधीची सगळी घरं शून्यांनी भरतील, आणि मॅट्रिक्स दशांशाची असेल तर बिनकाउंट कोड घेणारच नाही. युनिककडून 'इन्व्हर्स' (प्रत्येक ओळीच्या कोडचा युनिक यादीतला क्रमांक) मागा आणि कोडच्या जागी तो द्या.