एसएसडी २ टीबीची, जागा ५८ जीबी: विक्रेत्याच्या ‘टेक्निकल सपोर्ट’ला भुलू नका

स्वतः जुळवलेल्या नव्या कॉम्प्युटरवर विंडोज इन्स्टॉल होत नाही आणि एसएसडी (डेटा साठवायची डिस्क) विकणारा माणूस अतिशय गोड बोलून एकामागून एक उपाय सांगतोय, तर तो मदतच करतोय असं समजू नका. माल परत घ्यायची मुदत संपायची तो वाट बघत असू शकतो. माझ्या बाबतीत तेच झालं. “मॅडम, अजून एकदा करून बघा” हा त्याचा मेसेज आठवला की आजही डोकं सणकतं.

खोट्या क्षमतेचे पेनड्राइव्ह विकतात हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही होतं. कवडीमोल भावात १६ टीबी देणाऱ्या जाहिरातीकडे मी ढुंकूनही बघत नाही. पण ही तशी वस्तू नव्हती. २ टीबीची एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी, वेगवान) एसएसडी, नावाजलेल्या कंपनीचं लेबल, सीलबंद खोकं, खोक्यावरचा आणि डिस्कवरचा सीरियल नंबर एकच. भाव इतरांपेक्षा जेमतेम ८ टक्क्यांनी कमी. एवढी सवलत तर सणासुदीशिवायही मिळते, त्यावरून संशय कोण घेणार? “स्वस्ताच्या मोहात पडलीस” असं मला ऐकवणाऱ्यांनी हा आकडा आधी वाचावा.

मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी दिसणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळं नीट दिसलं. विंडोज ११ चा सेटअप मात्र अर्ध्यावर जाऊन ०एक्स८००७०५७० हा एरर दाखवून थांबला: आवश्यक फाइल्स इन्स्टॉल करता येत नाहीत, फाइल खराब किंवा गहाळ असू शकते. नंतर ०एक्स८००७०२५डी. मग एकदा कॉपी पूर्ण झाली, मशीन रीस्टार्ट झालं आणि पुन्हा बायोसमध्येच येऊन थांबलं. बूट करायला त्याला काही सापडेना. असे एरर आले की आधी पेनड्राइव्हवर संशय जातो, मग डाउनलोड केलेल्या विंडोजच्या फाइलवर (आयएसओ), मग रॅमवर. डिस्कचा नंबर सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकीचा नाही. विक्रेत्यालाही तो तोंडपाठ होता.

त्याने सांगितलेला एकही उपाय खोटा नव्हता, म्हणूनच मी त्याच्या मागे जात राहिले. एफएटी३२ या फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि विंडोजची मुख्य इमेज फाइल त्याहून मोठी असते, तेव्हा रूफस या प्रोग्रामने एनटीएफएस फॉरमॅटमध्ये पेनड्राइव्ह बनवा. बनवला. फाइल शाबूत उतरली का ते बघायला आयएसओचा एसएचए-२५६ हॅश जुळवा. जुळला. एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद करून रॅम मूळ वेगावर चालवा, रॅमची एकच स्टिक ठेवा, मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी रात्रभर लावा. लावली, एकही एरर नाही. बायोस अपडेट करा. केलं, आणि ते चालू असताना वीज गेली तर बोर्डच जाईल या धास्तीत तिथेच बसून राहिले. शेवटी त्याने इंटेल व्हीएमडी (डिस्कची जोडणी हाताळणारी बायोसमधली सेटिंग) बंद करायला लावलं. सेटअपला डिस्क दिसतच नसेल तर व्हीएमडीचा विचार करायचा असतो. माझी डिस्क दिसत होती! दिसणाऱ्या डिस्कसाठी कोणी व्हीएमडीच्या मागे लावलं तर तिथेच बोलणं थांबवा आणि परतीची नोंद करा. प्रत्येक उपायात अर्धा दिवस जातो आणि परतीची मुदत असते ७ दिवसांची. हे गणित त्याला माझ्या आधीपासून माहीत होतं.

ही लबाडी कळायची खरी जागा वेगळीच होती. तीच तुमच्याही स्क्रीनवर येऊ शकते, म्हणून नीट सांगते. मी उबुंटू ही लिनक्स सिस्टीम इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालवली. ती उत्तम चालली, म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि बोर्ड यांच्यावरचा संशय तिथेच फिटायला हवा होता. डिस्कचे विभाग (पार्टिशन) दाखवणाऱ्या जीपार्टेड प्रोग्राममध्ये डिस्क उघडल्यावर संदेश आला की बॅकअप जीपीटी टेबल, म्हणजे त्या विभागांच्या नोंदीची दुसरी प्रत, खराब आहे, मूळ टेबल ठीक दिसतंय, म्हणून तेच वापरलं जाईल. मी फोटो काढून विक्रेत्याला पाठवला. त्याचं उत्तर: “डिस्कपार्टमध्ये क्लीन करा, जीपीटी करा, परत इन्स्टॉल करा.” मी डिस्क पुसून सगळं पुन्हा केलं. परत तोच संदेश.

जीपीटीमध्ये पार्टिशन टेबलची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला असते आणि दुसरी अगदी शेवटच्या सेक्टर्समध्ये. नुकतंच टेबल लिहिलेल्या नव्या डिस्कला आपला शेवटचा सेक्टर वाचता येत नाही, म्हणजे तो सेक्टर असायची शक्यताच कमी. त्या एका ओळीत सगळं लिहिलेलं होतं! पण हाच संदेश क्लोन केलेल्या डिस्कवर येतो, टेबल अर्धवट लिहिलं गेलं तरी येतो, आणि ज्याला विचारायचं तो माणूस “नॉर्मल आहे” म्हणत होता. एका ओळीवरून बनावट माल ओळखायची अपेक्षा माझ्याकडून कोणी करू नये. ज्याचा तो धंदा आहे त्याला मात्र फोटो बघताक्षणी कळलं असणार, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

शेवटी लिनक्समधलं एफथ्री हे डिस्कची खरी जागा तपासणारं साधन चालवलं. ते १ जीबीच्या फाइल्सनी पूर्ण डिस्क भरतं आणि मग लिहिलेलं परत वाचून तपासतं. विंडोजवर हेच काम एचटूटेस्टडब्ल्यू करतं; दोन्ही फुकट आहेत. निकाल: शाबूत डेटा ५८.२१ जीबी, गमावलेला डेटा १.७६ टीबी. म्हणजे ज्या जागेचे पैसे मी मोजले त्यातली सुमारे ९७ टक्के जागा अस्तित्वातच नव्हती. डिस्कच्या आतला प्रोग्राम (फर्मवेअर) सिस्टीमला २ टीबी सांगतो आणि आत चिप असते ६४ जीबीची. खऱ्या जागेच्या पलीकडे लिहिलेलं हवेत जातं, किंवा डिस्क चालवणाऱ्या काही कंट्रोलर चिप्समध्ये फिरून सुरुवातीच्या फाइल्सवर येऊन पडतं. विंडोज ११ चा सेटअप आपलं रिकव्हरी पार्टिशन (दुरुस्तीसाठीचा विभाग) डिस्कच्या शेवटाकडे ठेवतो, मग इन्स्टॉल टिकणार कसं? क्विक फॉरमॅट यशस्वी झालं म्हणून डिस्क चांगली, असं अजिबात धरू नका. क्विक फॉरमॅट फक्त फाइल सिस्टीमची मांडणी लिहितं, बाकी जागेला हातसुद्धा लावत नाही.

आता तक्रारीचं ऐका. ज्या विक्री-मंचावरून घेतली त्यांनी कळवलं की इन्स्टॉल न होणं ही ‘सुसंगततेची अडचण’ आहे आणि मुदत संपली आहे. मी एफथ्रीचा निकाल पाठवला, तर त्यांना ‘अधिकृत सेवा केंद्राचं पत्र’ हवं होतं. कंपनीने सीरियल नंबर तपासून तो दुसऱ्याच ग्राहकाच्या नावावर नोंदलेला असल्याचं सांगितलं, म्हणजे माल बनावट हे तोंडी मान्य केलं. लेखी मागितलं तर “अनधिकृत विक्रेत्याच्या मालाबद्दल आम्ही पत्र देत नाही.” एकाला पत्राशिवाय चालत नाही आणि दुसरा पत्र देत नाही! सायबर तक्रार कक्षात म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग हा ग्राहकाचा वाद. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर म्हणाले, ऑनलाइन फसवणूक ना, मग सायबरकडे जा. माझे कागद वाचायचे कष्टही तिथे कोणी घेतले नाहीत. एकाने तर विचारलं, “पण कॉम्प्युटर स्वतः जुळवायची गरज काय होती?” चोरी झालेल्याला घर का बांधलंस म्हणून कोणी विचारतं का?

बँकेकडे कार्डाने भरलेले पैसे परत मागितले (याला चार्जबॅक म्हणतात), तिथेही आधी नकारच मिळाला. तिथे माघार घेऊ नका. व्हिसा या कार्ड कंपनीच्या नियमांत ‘बनावट माल’ हे १३.४ क्रमांकाचं स्वतंत्र कारण आहे आणि त्यासाठी साधारण १२० दिवस मिळतात. विक्रेत्याच्या ७ दिवसांशी त्याचा काहीही संबंध नाही. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नव्हतं. क्रमांक सांगितल्यावर फॉर्म निघाला.

इकडे विक्रेता तक्रार मागे घेतली तर १० टक्के परत देतो म्हणाला. मग २० टक्के, मग ३०. एक पैसाही घेऊ नका. तडजोड स्वीकारली की चार्जबॅकचा दावा कमकुवत होतो. पैसे न घेतल्यावर त्याने नवी सबब काढली: लेबल फाटलंय, त्यामुळे परतीचा हक्कच नाही. लेबल फाटलं होतं हे खरं, कारण बोर्डाच्या हीटसिंकचा (उष्णता खेचणाऱ्या धातूच्या पट्टीचा) थर्मल पॅड त्याला चिकटला होता आणि विक्रेत्याच्याच सांगण्यावरून मी डिस्क काढून परत बसवली होती. म्हणून हीटसिंक लावायच्या आधी लेबलचा, सीरियल नंबरचा आणि बायोसमध्ये दिसणाऱ्या मॉडेलच्या नावाचा फोटो काढा. सीरियल कंपनीच्या वॉरंटी पानावर त्याच दिवशी तपासा. विंडोजच्या मागे लागण्याआधी पूर्ण डिस्क लिहून-वाचून बघा. आणि बोलणं फोनवर नको, सगळं लेखी ठेवा. माझ्याकडे त्याचे मेसेज आहेत म्हणूनच बँकेने दावा दाखल करून घेतला.

दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. त्या विक्रेत्याचं पान आता दुसऱ्या नावाने चालू आहे. फोटो तेच, खोकं तेच, या वेळी जाहिरात ४ टीबीची. मी त्याचीही तक्रार केली. ‘धोरणाचं उल्लंघन आढळलं नाही’ असं उत्तर आलं आहे.